वाढण्याची ओढ : पाचारण की अभिमान?

कारभारीण (धाग्याची सुरुवात)

सर्वांना सप्रेम नमस्कार. बरेच महिने मनात घोळत असलेला प्रश्न येथे मांडते आहे. तो मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मोकळेपणाने विचारता येत नाही, आणि व्यवसायातल्या मित्रमंडळींना तो प्रश्नच वाटत नाही.

नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी एक लहान उद्योग सुरू केला. यंत्रांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवतो. आज माझ्याकडे अकरा जण कामाला आहेत, कर्ज फिटत आले आहे, आणि मागणी आमच्या आवाक्याबाहेर जाऊ लागली आहे. अशा वेळी एका गुंतवणूकदाराने भांडवल देऊ केले आहे. अट अशी की तीन वर्षांत उलाढाल तिप्पट झाली पाहिजे. प्रस्ताव आला त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही आणि दुसऱ्या रात्री भीतीने लागली नाही. अपयशाची भीती मला फारशी वाटत नाही. त्या आनंदात मला माझे स्वतःचे नाव फार मोठ्या अक्षरांत दिसत होते, त्याची भीती वाटली.

‘मनुष्याने सर्व जग मिळवले आणि जीव गमावला तर त्याला काय लाभ’ हा प्रभू येशूचा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याच शुभवर्तमानांतून तालांतांचा दाखलाही ऐकत आले आहे, ज्यात धनी तीन दासांकडे आपला पैसा सोपवतो आणि तो जमिनीत पुरून ठेवणाऱ्या तिसऱ्या दासाला खडसावतो. दोन्हींपैकी कोणते वचन आज माझ्यासाठी आहे, हे मला उमगत नाही. आमच्या पाळकांनी प्रेमाने सांगितले की प्रार्थना करा. मी करते आहे. परंतु प्रार्थनेत मला जे उत्तर ऐकू येते ते माझ्याच इच्छेचा प्रतिध्वनी असावा, अशी शंका येत राहते.

म्हणून सरळ विचारते : माझा आत्मा सुरक्षित ठेवून मला किती मोठे होता येईल? ज्यांनी हा रस्ता चालून पाहिला आहे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

मोहरीचा_दाणा

ताई, तुम्ही उत्तर स्वतःच लिहिले आहे. धन्याने दिलेले पुरून ठेवू नये. पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की संपत्ती मिळवण्याचे सामर्थ्य देणारा तुझा देव परमेश्वर आहे. जे सामर्थ्य त्याने दिले ते वापरण्याची भीती का बाळगावी? आज अकरा घरे तुमच्या उद्योगावर चालतात, उद्या तीस चालतील. मीही सुरुवातीला असाच चाचरत होतो. एका संध्याकाळी लक्षात आले की ज्याला मी नम्रता म्हणत होतो ती निव्वळ भीती होती. माझ्या मते प्रस्ताव स्वीकारावा.

अंजिराखाली

मोहरीचा_दाणा यांनी दिलेले वचन अठरावे आहे. त्याच्या आधीचे, सतरावे वचनही वाचायला हवे. ‘माझ्या सामर्थ्याने आणि माझ्या बाहुबलाने मी हे धन मिळवले’ असे मनात म्हणू नकोस, असा तो इशारा आहे, आणि अठरावे वचन हे त्या इशाऱ्याचे कारण आहे. ते एकटे उचलले की इशाऱ्याचे प्रोत्साहन होऊन बसते.

लूकाच्या १२ व्या अध्यायातील धनवान शेतकऱ्याचा दाखला मला या प्रश्नाच्या अधिक जवळचा वाटतो. त्याने चोरी केली नाही, कोणाला फसवले नाही. त्याच्या जमिनीला भरपूर पीक आले, एवढेच. तरीही देव त्याला मूर्ख म्हणतो. त्याचे बोलणे नीट वाचले तर दिसते की तो पूर्ण वेळ स्वतःशीच बोलतो : माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. त्या संभाषणात दुसऱ्या कोणालाही जागा नाही. मोठी कोठारे बांधणे हा त्याचा दोष असेल असे मला वाटत नाही. दोष त्या एकटेपणात आहे.

कारभारीणताई, तुमच्या मनात जी शंका आली तीच मला आशादायक वाटते. ज्याला ती येत नाही त्याच्यासाठी मी अधिक काळजी करेन. मात्र यिर्मया ४५ मध्ये संदेष्ट्याचा लेखनिक बारुख याला सांगितलेले शब्दही मनाशी ठेवा : ‘तू आपणासाठी मोठाल्या गोष्टींची वांच्छा करतोस काय? ती करू नकोस.’

शब्दवेडी

मुख्य प्रश्नाकडे इतर जण येतीलच. मला एका शब्दावर थोडे थांबायचे आहे, कारण गोंधळाचे एक मूळ तेथे आहे असे वाटते. आपण ‘महत्त्वाकांक्षा’ म्हणतो तेव्हा एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बांधतो. बायबलच्या नव्या करारातील ग्रीक भाषेत त्यांना दोन निराळे शब्द आहेत.

एक शब्द ‘एरिथेइया’. फिलिप्पैकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात प्रेषित पौल त्याविरुद्ध बजावतो, आणि याकोबाच्या ३ ऱ्या अध्यायात तो मत्सराच्या जोडीने येतो. इतरांना मागे सारून स्वतःला पुढे नेण्याची, गट पाडणारी वृत्ती असा त्याचा रोख आहे. दुसरे क्रियापद ‘फिलोतिमेओमाई’. एखादी गोष्ट साधण्याचा मान वाटणे, तिची आस धरणे, हा त्याचा अर्थ. पौल ते तीन ठिकाणी वापरतो आणि तिन्ही ठिकाणी चांगल्या अर्थाने : रोमकरांस १५ मध्ये जेथे ख्रिस्ताचे नाव पोहोचले नाही तेथे सुवार्ता सांगण्याची आस, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रभूला संतोषवण्याची आस, आणि थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात शांतपणे राहून आपल्या हातांनी काम करण्याची आस.

हे तिसरे स्थान मला विलक्षण वाटते. शांत राहण्याचीही आस धरता येते, तीही पराकाष्ठेने! पवित्र शास्त्र आपल्याला आकांक्षा मारून टाकायला सांगत नाही. ती कशाकडे वळली आहे ते पाहायला सांगते.

मोहरीचा_दाणा

शब्दवेडी, हे माहीत नव्हते. मनापासून आभार. अंजिराखाली, सतराव्या वचनाबद्दल तुमचे म्हणणे मान्य करतो. तरीही दाखल्यातल्या तिसऱ्या दासाचे काय?

जुना_हिशेबनीस

आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासण्यात गेले, त्यामुळे दाखल्यातही माझी नजर आधी आकड्यांकडे जाते. तालांत हे मौल्यवान धातूचे मोठे वजन होते आणि त्याची किंमत साधारण ६००० दीनार धरली जाते. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयाच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी तीच ठरवतो. म्हणजे आठवड्यातून सहा दिवस राबणाऱ्या मजुराला एक तालांत मिळवायला जवळजवळ २० वर्षे लागतील. तेव्हा ‘ज्याला थोडे मिळाले तो दास’ असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो त्याच्या हातीही लहान रक्कम नव्हती, आणि ती त्याची स्वतःची नव्हती.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पाच तालांतांवर पाच मिळवणारा आणि दोनांवर दोन मिळवणारा, या दोघांना धनी जे शब्द बोलतो ते अक्षरशः एकच आहेत. मत्तय २५ मधले २१ वे आणि २३ वे वचन शेजारी ठेवून पाहा. शाबासकीत रकमेचा उल्लेख नाही. भर ‘भल्या व विश्वासू दासा’ यावर आहे. त्यामुळे हा दाखला तिप्पट उलाढालीच्या बाजूचा आहे असे मी म्हणणार नाही, आणि विरोधातला आहे असेही म्हणणार नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. कारभारीणताई, वेगाने वाढणाऱ्या उद्योगात नफा कागदावर दिसतो, परंतु रोकड आधी बाहेर जाते. कच्चा माल आज घ्यावा लागतो, पगार महिन्याच्या शेवटी द्यावा लागतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. उलाढाल जितकी वाढते तितकी ही दरी रुंद होते. मागणी नसल्यामुळे बुडालेल्या उद्योगांइतकेच, मागणी सांभाळता सांभाळता रोकड संपून बुडालेले उद्योग मी पाहिले आहेत. गुंतवणूकदाराचे भांडवल ही दरी काही काळ बुजवते. परंतु हिस्सा घेणाऱ्याला कधीतरी तो चांगल्या भावाने विकून बाहेर पडायचे असते. ती वेळ कोण ठरवणार आणि लक्ष्य हुकले तर निर्णयाचे अधिकार कोणाकडे जाणार, ही कलमे करारात आधी शोधा. आध्यात्मिक प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथे सापडेल असे मला वाटते, कारण ‘थांबायचे’ असे तुम्ही एखाद्या दिवशी ठरवलेत तर तुम्हाला थांबता येईल की नाही, हे तीच कलमे सांगतील.

पहाटतारा

याकोब ४ मध्ये ‘आज किंवा उद्या अमुक गावी जाऊ, तेथे एक वर्ष घालवू, व्यापार करू आणि कमावू’ असे म्हणणाऱ्यांना फटकारले आहे. तीन वर्षांची योजना आखणे हेच मुळात चुकीचे नाही का?

तंबूवाला

पहाटतारा, याकोब योजनेला दोष देत नाही. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द ज्या योजनेत नाहीत, तिला देतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणारा माणूस प्रभूनेच लूक १४ मध्ये उदाहरणादाखल दिला आहे. न मोजता बांधायला घेणे हे काही विश्वासाचे लक्षण नाही.

मूळ प्रश्नाविषयी माझा अनुभव सांगतो. मी गेली अठरा वर्षे व्यवसायात आहे. पौल, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू करणारे होते, थुवतीरा नगरची लुदिया जांभळ्या रंगाच्या वस्त्रांचा व्यापार करत होती आणि तिच्या घरात मंडळीला आसरा मिळाला. हे वाचतच मी मोठा झालो. त्यामुळे उद्योग आणि श्रद्धा यांत मुळात वैर आहे असे मला कधी वाटले नाही. माझे घोडे अडले ते विश्रांतीपाशी.

पहिली सहा वर्षे मी आठवड्याचे सातही दिवस काम केले. उपासनेला जायचो, परंतु मागच्या बाकावर बसून फोनवर निरोप वाचायचो. हे सगळे देवासाठीच चालले आहे, असे स्वतःला सांगत होतो. पुढे एका आजारपणात तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागले आणि त्या काळात एक गोष्ट उघडी पडली : माझ्यावाचून काम चालते आहे याचा आनंद होण्याऐवजी मला दुःख झाले. सहकाऱ्यांनी सगळे व्यवस्थित सांभाळले होते आणि मी मनातून खट्टू झालो होतो! १२७ व्या स्तोत्रातील ‘परमेश्वर जर घर बांधत नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ’ हे वचन मी शेकडो वेळा म्हटले असेन. त्या अंथरुणावर ते मला पहिल्यांदा कळले.

तेव्हापासून एक दिवस पूर्ण बंद ठेवतो. अरण्यात देवाने पुरवलेले अन्न, म्हणजे मान्ना, सहाव्या दिवशी दुप्पट मिळत असे आणि सातव्या दिवशी गोळा करायला गेलेल्यांना काहीच सापडत नसे, ही निर्गम १६ मधील गोष्ट मला धंद्यातली सर्वांत अवघड शिकवण वाटते. सुरुवातीला दोन मोठी गिऱ्हाइके गेली. त्यांच्या जागी लगेच दुसरी आली, असे मी सांगणार नाही, कारण तसे झाले नाही. दोन वर्षे ओढग्रस्तीची गेली. तरीही तो दिवस मी परत विकणार नाही. त्या दिवशी मी कोणाचा मालक नसतो, आणि एक दिवस तसे राहिल्याने उरलेल्या सहा दिवसांतली माझी पकड सैल होते.

अंजिराखाली

तंबूवाला, ‘लगेच दुसरी आली नाहीत’ हे वाक्य लिहिल्याबद्दल तुमचे आभार. आपल्या साक्षींमध्ये ही ओळ फार क्वचित ऐकू येते. त्याग केला की दुपटीने परत मिळते, असे ऐकून ऐकून त्यागाचीही गुंतवणूक होऊन जाते.

दुसरा_मैल

मी येथे सहसा लिहीत नाही, परंतु वरची ओळ वाचून लिहावेसे वाटले, कारण माझे परत आले नाही.

माझा उद्योग सात वर्षे चालला आणि बंद पडला. देणी फेडताना घर विकावे लागले. त्या काळात पैशापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने मला खचवले. उद्योग चढतीला होता तेव्हा मला मंडळीत उभे करून साक्ष द्यायला सांगत, तरुणांपुढे बोलायला बोलावत, ‘देवाचा हात यांच्यावर आहे’ असे म्हणत. उद्योग बुडाल्यावर कोणी वाईट बोलले नाही. फक्त बोलावणे थांबले. मीच मग उलटा हिशेब मांडू लागलो. यश हा देवाचा हात असेल तर अपयश म्हणजे त्याने हात काढून घेतला, असेच समजायचे ना? दीड वर्ष मी प्रार्थना करू शकलो नाही.

इतिहासात हे नवे नाही, हे पुढे वाचनातून कळले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे व्यापारी त्यांच्या सचोटीसाठी नावाजलेले होते. घासाघीस हे एक प्रकारचे खोटे बोलणे आहे, ‘होय’ म्हणजे ‘होय’ असले पाहिजे, म्हणून ते सर्वांना एकच ठरलेला भाव सांगत, आणि त्या विश्वासावर त्यांचे व्यापार व पेढ्या वाढल्या. त्याच पंथात दिवाळे निघालेल्या सभासदाला मंडळीतून काढण्याची रीतही होती. तुरुंगसुधारणेसाठी ओळखल्या जाणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या पतीची पेढी १८२८ मध्ये बुडाली, आणि त्या पतीला क्वेकरांनी सभासदत्वावरून दूर केले. त्यामागचा विचार मी समजू शकतो, कारण इतरांचा पैसा बुडवणे ही लहान बाब नव्हे आणि मंडळीने सभासदांच्या व्यवहारावर नजर ठेवण्यात एक मोठी शिस्तही होती. तरीही ज्या दिवशी माणसाला मंडळीची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी दार लागते, हे मला अजून सहन होत नाही.

फिलिप्पैकरांस ४ मधील ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे’ हे वचन उद्योजकांच्या मेळाव्यात मोठ्या अक्षरांत लावलेले मी पाहिले आहे. मीही ते माझ्या टेबलावर लावले होते. उद्योग बंद झाल्यावर आधीची दोन वचने वाचली. पौल तेथे विपन्न अवस्थेत राहायला आणि संपन्न अवस्थेत राहायला, तृप्त असायला आणि भुकेला असायला शिकल्याचे सांगतो आहे. ‘सर्व काही’मध्ये बुडणेही येते. आज मी दुसऱ्याकडे नोकरी करतो आणि ते वचन अजून टेबलावर आहे.

कारभारीणताई, मी हो किंवा नाही सांगणार नाही. एवढेच विचारतो : हे सगळे बुडाले तर तुम्ही कोण उराल, याचे उत्तर आजच तुमच्याकडे आहे का?

मोहरीचा_दाणा

दुसरा_मैल, मला तुमची क्षमा मागायची आहे. तुम्हाला मी ओळखत नाही, परंतु आमच्या मंडळीतल्या एका बांधवाच्या बाबतीत मी नेमके असेच वागलो. वाईट बोललो नाही, फक्त फोन करणे थांबवले. त्यांच्याशी काय बोलावे ते मला सुचत नव्हते, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे.

दुसरा_मैल

जा. काय बोलायचे ते ठरवून जाऊ नका. बसलात तरी पुरे.

शब्दवेडी

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा कोणी उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटते. ‘जितके मिळवता येईल तितके मिळवा, जितके वाचवता येईल तितके वाचवा, जितके देता येईल तितके द्या’ हे त्यांच्या पैशावरील प्रवचनाचे सूत्र आपल्याकडेही सांगितले जाते. हिशेबनीसकाका, तुम्ही ते कसे वाचता?

जुना_हिशेबनीस

ताई, ते सूत्र बहुधा अर्धेच सांगितले जाते. ‘मिळवा’ म्हटल्यावर वेस्ली लगेच कुंपण घालतात : जिवाचे आणि आरोग्याचे मोल देऊन मिळवू नये, मनाचे नुकसान करून मिळवू नये, आणि शेजाऱ्याचे शरीर, मालमत्ता किंवा आत्मा यांना इजा करून मिळवू नये. हे कुंपण इतके जवळ आहे की ‘जितके’ हा शब्द पुष्कळ आखडतो.

ऑक्सफर्डमधील एका तरुण मेथडिस्टाचा हिशेब त्यांनी दुसऱ्या एका प्रवचनात दिला आहे, आणि तो तरुण ते स्वतःच असावेत असे सामान्यतः मानले जाते. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ पौंडांत राहिला आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले. तो २८ मध्येच राहिला आणि ३२ दिले. मग ९० मिळाले तेव्हा ६२, आणि १२० मिळाले तेव्हा ९२ गरिबांना दिले. मिळकत चौपट झाली आणि जगण्याचा खर्च जागचा हलला नाही. ‘किती मोठे होता येईल’ या प्रश्नाला मला सापडलेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे : उद्योग वाढू द्यावा, मालकाची गरज मात्र आधीच ठरवून खुंटीला बांधावी. ती वाढ सुरू होण्यापूर्वी ठरवावी लागते. नंतर ठरवू म्हणणाऱ्यांची खाती मी तपासली आहेत.

त्याच वेस्लींना म्हातारपणी एक काळजी लागली होती. १७८६ च्या सुमारास त्यांनी लिहिले की धर्मामुळे उद्यमशीलता व काटकसर येते, त्यांतून संपत्ती येते, आणि संपत्ती वाढली की धर्म ओसरतो. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या १९२० च्या सुधारित आवृत्तीत हा उतारा उद्धृत केला आहे. जे मेथडिस्ट प्रामाणिकपणे राबले, त्यांच्याविषयीच ही काळजी होती.

कारभारीण

सर्वांचे लिहिणे दोन-दोनदा वाचले. हिशेबनीसकाकांच्या सांगण्यावरून करार पुन्हा काढला. लक्ष्य सलग दोन वर्षे हुकल्यास निर्णयाचा अधिकार गुंतवणूकदाराकडे जातो, असे कलम त्यात आहे. पहिल्या वाचनात मी ते ओलांडून गेले होते. माझा पगार आजच्या पातळीवर बांधून ठेवण्याचे मी ठरवले आहे आणि ते लिहून माझ्या बहिणीकडे दिले आहे. दुसरा_मैल यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ‘उद्योजिका’ हा शब्द काढून टाकला तर आरशात कोण दिसते, हे पाहण्याचा प्रयत्न करते आहे. ते सोपे नाही.

अकरावा_तास

नमस्कार. मी उद्योजक नाही. मी तेवीस वर्षे इतरांच्या कारखान्यांत यंत्र चालवले आहे, म्हणून लिहावे की नाही याचा विचार करत होतो.

ताई, तुमचे पहिले लिखाण पुन्हा वाचा. राग मानू नका. त्यात अकरा माणसे एका वाक्यात आली आहेत आणि ती आकडा म्हणून आली आहेत. त्यानंतर कर्ज, मागणी, गुंतवणूकदार, तुमची झोप, तुमचे नाव आणि तुमचा आत्मा आहे. अंजिराखाली यांनी शेतकऱ्याच्या एकटेपणाविषयी लिहिले, तेव्हा मला तेच आठवले. स्वतःच्या आत्म्याची काळजी करतानाही माणूस एकटा पडू शकतो.

मी एका श्रद्धावान मालकाकडे काम केले आहे. ते खरोखर देवभीरू गृहस्थ होते. ढोंगी मुळीच नव्हते. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी आम्ही प्रार्थना करत असू, आणि आमच्या मुलांच्या आजारपणासाठी ते नावे घेऊन प्रार्थना करत. मग उद्योग वाढू लागला. काकांनी सांगितलेली ती रोकडीची दरी आमच्याकडे आली आणि ती बुजवण्यासाठी सर्वांत सोपी गोष्ट हाताशी होती : आमचे पगार. आधी पाच दिवस उशीर झाला, मग पंधरा, मग एक महिना सोडून. मालकांचे डोळे पाणावत, ते आम्हाला विश्वास ठेवायला सांगत. कच्चा माल देणाऱ्याला मात्र ते असे सांगू शकत नव्हते, कारण त्याने माल थांबवला असता. आम्ही थांबवू शकत नव्हतो. त्या वर्षी मुलीची फी भरायला मी व्याजाने पैसे घेतले. म्हणजे त्यांच्या वाढीसाठी मी कर्ज दिले होते, आणि ते मला कोणी मागितलेही नव्हते.

पहाटतारा यांनी याकोबाच्या ४ थ्या अध्यायातील व्यापाऱ्यांचे वचन दिले आणि चर्चा योजनेवर गेली. त्याच पत्रात आणखी आठ वचने पुढे वाचा. ५ व्या अध्यायाच्या ४ थ्या वचनात ज्यांनी शेते कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे परमेश्वराच्या कानी गेले आहे, असे म्हटले आहे. लेवीय १९ मध्ये तर मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा आपल्याजवळ ठेवू नये, असे आहे. मला ग्रीक येत नाही. मला एवढे दिसते की ‘आम्ही कमावू’ आणि ‘मजुरी ओरडते’ यांत एका पानाचेही अंतर नाही.

तुमचा आत्मा सुरक्षित राहील की नाही हे मला सांगता येणार नाही. परंतु तिप्पट उलाढाल म्हणजे यंत्रे जास्त तास चालणार. ते तास कोणाच्या आयुष्यातून निघणार आहेत, हे तुमच्याकडच्या अकरा जणांना विचारले आहे का?

तंबूवाला

बंधू, मीही मालक आहे. विश्रांतीविषयी एवढे लांब लिहिले, पण मी बंद ठेवलेल्या दिवसाची भरपाई करण्यासाठी माझ्या माणसांना उरलेल्या सहा दिवसांत किती जादा थांबावे लागते, हे मी कधी मोजले नाही. उद्या मोजतो.

पहाटतारा

४ थ्या अध्यायाच्या शेवटी मी दर वेळी थांबते. पुढे कधी वाचलेच नव्हते.

कारभारीण

नऊ दिवसांनी लिहिते आहे.

अकरावा_तास, राग आला होता, हे खरे सांगते. एक दिवस राहिला. मग कागद-पेन घेऊन माझ्याकडच्या अकरा जणांची नावे लिहिली आणि प्रत्येकाच्या पुढे त्याच्याविषयी मला काय माहीत आहे ते लिहायला घेतले. चार नावांपुढची जागा जवळजवळ रिकामी राहिली.

त्यानंतर सर्वांना एकत्र बसवून प्रस्ताव वाचून दाखवला. पहिली दहा मिनिटे कोणीच बोलले नाही. मग सर्वांत जुन्या सहकाऱ्याने विचारले की रात्रपाळी सुरू होणार का. एकाने विचारले की नवी माणसे आली तर त्यांना शिकवण्याचे काम धरले जाईल का, की आपापले काम सांभाळून शिकवायचे. सर्वांत तरुण मुलगी म्हणाली की उद्योग वाढावा असे तिला मनापासून वाटते, कारण आज तिच्यासाठी पुढे जायला येथे जागाच नाही. हे मी ऐकण्याच्या तयारीने गेले नव्हते. माझी इच्छा अभिमानाची असेल, पण तिची तशी नव्हती, आणि मी घाबरून नाही म्हटले असते तर तिचे दार मी बंद केले असते.

गुंतवणूकदाराला तीन बदल कळवले आहेत. मुदत तीनऐवजी पाच वर्षांची असावी. भांडवलातून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळी ठेवावी आणि ती इतर कशासाठीही वापरू नये. अधिकार हस्तांतराचे कलम काढावे. त्यांनी पहिल्या दोन गोष्टींवर विचार करू म्हटले आहे, तिसरीवर नाही. हिशेबनीसकाका, ते कलम राहिले तर काय करावे यावर तुमच्याशी बोलायचे आहे.

जुना_हिशेबनीस

अवश्य. करारातील त्या कलमाचा पूर्ण मजकूर जवळ ठेवा, आणि गेल्या दोन वर्षांतली येणी किती दिवसांनी वसूल झाली त्याची यादी महिन्यानुसार काढून ठेवा. कलम काढायला ते तयार नसतील तर ‘लक्ष्य’ या शब्दाची व्याख्या बदलता येते का ते आधी पाहू. उलाढालीऐवजी वेळेवर दिलेले पगार आणि वेळेवर वसूल झालेली येणी हेही त्यात मोजायला लावता येईल.

अकरावा_तास

ताई, त्या चार नावांपुढे आता काही लिहिले का?

कारभारीण

तिघांपुढे लिहिले आहे. चौथे रजेवर आहेत, सोमवारी येतील.